पिवळ्या तणाचं वर्ष

"झाकण घट्ट लावू नकोस," पावआजी भिंतीपलीकडून म्हणाल्या होत्या. तिने मान हलवली, पण ती माशी हाकलताना हलवतात तशी. कडेवर मुलगी किरकिरत होती, शेगडीवर पाणी खळखळत होतं, आणि भिंतीपलीकडून दिवसभरात इतके सल्ले येत की त्यातला कुठला मनावर घ्यायचा हे ठरवायलाही उसंत नसे. पोरीचं टोपडं काढ, डोकं उकडेल तिचं. ओलं फडकं उन्हात वाळव. झाकण घट्ट लावू नकोस. तिन्ही तिने एकाच माळेत ओवले आणि माळ खुंटीला लावून दिली.

पावआजींचा जन्म पाव भाजण्यात गेला होता. दुकान बंद होऊन बराच काळ लोटला, तरी पीठ त्यांच्या छातीतून गेलं नव्हतं. त्यांचा खोकला पहाटे सगळ्या गल्लीच्या आधी उठायचा आणि दिवसभर अंगणात हिंडायचा. आवाज कुठेही होवो, वाटी पडो की भांडण होवो, आधी खोकला भिंतीपाशी यायचा आणि मागून आजींचं डोकं वर यायचं.

त्या वर्षी बाग गोठलेल्या दंवाने मारली होती. सफरचंदाची झाडं नखशिखांत फुललेली, आणि एका पहाटे सगळं पांढरं झालं. उन्हं वर आल्यावर तिच्या सासऱ्यांनी एक फूल तोडलं, अंगठ्याच्या नखाने मधोमध फाडलं आणि आतला काळा ठिपका मुलाला दाखवला. मग दुसरं. मग पुढच्या झाडाचं. ओळ संपेपर्यंत ते फुलं फाडत गेले. तिचा नवरा बागवान, त्याचा बापही बागवान. त्या दिवशी दोघं दुपारी घरी आले, आणि दुपारी घरी बसलेला पुरुष कसा दिसतो ते तिने पहिल्यांदा पाहिलं. दोघांनाही हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

बाग त्यांची नव्हती, मालकीणबाईंची होती. करार तोंडी, सासऱ्यांच्या तरुणपणापासूनचा: हंगाम सरताना बागेतलं जे असेल ते मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवायचं. त्या चाखणार. पटलं तर बाग पुढच्या वर्षी याच हातात. टेबल रिकामं राहिलं, तर बाग दुसऱ्याला. टेबल आजवर कधी रिकामं राहिलं नव्हतं, म्हणून त्या अटीकडे कुणी वळूनही पाहिलं नव्हतं.

आता वीटभट्टीवाला पाहत होता. बागेची माती चिकण, विटेला सोन्यासारखी. दंवानंतरच्याच आठवड्यात तो आला, बुटाच्या टाचेने ओल्या जमिनीत खड्डा केला, माती बोटांत मळली आणि तिची गोळी करून खिशात टाकली. नवरा शेजारीच उभा होता. भट्टीवाल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, भट्टीवर माणसं लागतीलच, ओळखीचा माणूस कधीही बरा. नवऱ्याने खांदा काढून घेतला नाही. ते तिने खिडकीतून पाहिलं, आणि त्या रात्री त्याच्या त्या खांद्याकडे बघताना तिला भडभडून आलं.

दंवाने एका गोष्टीला मात्र हात लावला नव्हता. झाडांखाली पिवळं तण माजलं होतं. देठ मोडला की पांढरा चीक, फूल नाण्याएवढं, चार दिवसांत त्याची म्हातारी होऊन उडून जाणारं. दरवर्षी सासरे ते मुळासकट खणून काढत. यंदा खणायचं कुणासाठी, म्हणून ते मोकाट पसरलं आणि मेलेल्या मोहराखाली सगळी जमीन पिवळीधमक झाली.

कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या घरी तिने अशाच फुलांची वाइन चाखली होती. चव आठवत नव्हती, पण मैत्रिणीच्या आईचे तपकिरी डागाळलेले हात आठवत होते.

"बाबा," तिने जेवताना विचारलं, "करारात सफरचंद म्हटलंय, की बागेतलं काहीही?"

सासऱ्यांनी घास गिळला. "बागेतलं जे असेल ते. असंच म्हणाल्या होत्या त्या."

"तण बागेतलंच ना?"

नवऱ्याने घास खाली ठेवला. मालकीणबाईंपुढे गवत नेऊन ठेवायचं का, असं तो हळूच म्हणाला. हसायला गेला, पण जमलं नाही. सासरे मात्र तिच्याकडे टक लावून बघत होते. जन्मभर ज्याच्याशी कुदळीने भांडलो, त्याची बाजू घेऊन सून बोलतेय, असं काहीतरी त्यांच्या तोंडावर होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आल्यावर ती बागेत उतरली. ही फुलं उन्हात पुरती उघडतात, सावली आली की मिटतात, म्हणून वेचायचं ते ऐन दुपारी. मुलीला तिने सफरचंदाच्या रिकाम्या पेटीत दुपटं घालून बसवलं, पेटी सावलीत ओढली, सावली सरकली की पेटी सरकवली. दहा फुलं वेचायची आणि मान वर करून पोरीकडे बघायचं. तोंडात माती तर नाही? मुंगी? मग पुन्हा दहा. कंबर आखडली, मान भाजली, बोटं चिकाने तपकिरी झाली आणि साबणाला दाद देईनात. कुंपणाच्या भिंतीजवळच्या तणात हात घालताना रानगुलाबाच्या काट्याने मनगट फाटलं. वेलीचं खोड इकडे, बागेच्या मातीत होतं, पण सगळा फुलोरा भिंत चढून उन्हाच्या बाजूला, पावआजींच्या अंगणात. काटे आम्हाला आणि फुलं त्यांना, असं ती स्वतःशीच पुटपुटली आणि मनगट चोखलं.

भट्टीवाला रस्त्याने जाता जाता थांबला. "वहिनी, तण वेचायला पदवी लागते होय?"

तिने पुढचं फूल तोडलं. पेटीतली पोर त्याच्याकडे बघून खुदकन हसली, आणि तिला पोरीचाही राग आला.

पहिले दोन दिवस नवरा बागेच्या दुसऱ्या टोकाला मेलेल्या फांद्या छाटत राहिला. तिसऱ्या दिवशी टोपली घेऊन आला आणि तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसला. रस्त्याकडे पाठ करून बसला, पण बसला.

संध्याकाळी तिघं टेबलाभोवती. पाकळ्या काढायच्या आणि हिरवं टाकायचं, हिरव्याने कडवटपणा येतो. नवरा भराभर ओरबाडायचा, सासरे एकेक पाकळी अशी काढत की जणू तिला दुखेल. मग पाकळ्यांवर उकळतं पाणी, लिंबाची साल, साखर, मनुका. खमीर पावआजींनी वाटीतून भिंतीवरून दिलं, आणि देताना ते झाकणाचं वाक्य.

तिचं मत वेगळं होतं. पोर नुकती रांगायला लागली होती, हाताला येईल ते तोंडात घालत होती. घरात माश्या, मुंग्या, धूळ. पोरीच्या दुधाच्या बाटल्या ती अशा उकळायची की सासरे म्हणत, बाटली खायची आहे का? तशाच तिने या बरण्या उकळल्या. भरल्यावर एकेका झाकणावर फडकं टाकलं आणि नवऱ्याला पक्कड आणायला लावली.

"अहो, अजून एक पिळा."

"फुटेल गं."

"काच जाड आहे. अजून एक."

त्याने आवळलं. बरण्या कोठीच्या खोलीत फळीवर ओळीने बसल्या. त्या आठवड्यात तिला पहिल्यांदा गाढ झोप लागली.

बरण्या फुटल्या त्या एका दुपारी. पोर पलीकडच्या खोलीत निजली होती, ती ओसरीवर धुणं वाळत घालत होती. आधी तिला वाटलं छत कोसळलं. मग दुसरा आवाज. ती धावली ती कोठीकडे नाही, पाळण्याकडे. पोर उठून बसली होती, रडतही नव्हती, डोळे वाटोळे करून दाराकडे बघत होती. तिने पोरीला उचललं, टोपडं काढलं, केसांत, मानेत, मुठींत काच शोधली. काच नव्हती. तरी पुन्हा शोधली.

कोठीत भिंतीवर पाकळ्या चिकटल्या होत्या, छतातून पिवळं पाणी ठिबकत होतं. बरण्यांची नुसती बुडं उरली होती. एकच कोपऱ्यात शाबूत होती, पण तिचं झाकण तव्यावरच्या पोळीसारखं फुगलेलं. नवरा बागेतून पळत आला, दारात थांबला आणि खाली बसला. सासऱ्यांनी झाडू घेतला. गल्ली दाराशी जमली. कुणी म्हणालं तोफ उडाली, कुणी विचारलं किती चढली. भट्टीवाल्याचा गाडीवान सगळ्यांच्या मागे उभा राहून मान उंचावत होता. म्हणजे संध्याकाळपर्यंत भट्टीवर सगळ्यांना कळणार.

"पुरे झालं आता," नवरा म्हणाला. ओरडला नाही. त्यानेच जास्त लागलं.

ती पोरीला छातीशी धरून उभी होती आणि त्या गर्दीत काहीतरी कमी आहे असं तिला वाटत होतं. दळणवाली होती. कोपऱ्यावरचा शिंपी सुईदोऱ्यासकट आला होता. अख्खी गल्ली आली होती. मग तिला कळलं. खोकला आला नव्हता.

वाटी पडली तरी भिंतीपाशी येणारा खोकला. तो सकाळीही ऐकला होता का? पहाटे? तिला आठवेना. पोरीला तिने सासऱ्यांच्या हातात दिलं, झाडू त्यांच्याच हातात असताना, आणि ती सगळ्यांमधून वाट काढत निघाली. कुणीतरी म्हणालं, तोंड लपवायला निघाली.

पावआजींचं दार आतून घट्ट लावलेलं होतं. कडीही, अडसरही. एकट्या बाईने दार नीट लावावं, असं तिनेच त्यांना सांगितलं होतं. हाकेला उत्तर नाही. ती मागे गेली, स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी दोन्ही हातांनी उपटली आणि कोपरं खरचटत आत उतरली.

आजी चुलीजवळ जमिनीवर होत्या. पाय विचित्र वळलेला, ओठ वाळलेले, पदराची उशी करून डोक्याखाली घेतलेली. शुद्ध होती. तिने पाण्याचा पेला ओठांना लावला. दोन घोट गेले, तिसऱ्याला ठसका आला, आणि तो ओळखीचा खोकला ऐकून तिला रडू फुटलं.

"झाकण घट्ट लावलंस ना?" आजी म्हणाल्या.

तिने मान हलवली.

"आवाज झाला तेव्हा म्हटलं, आता कुणीतरी येईल. आणि मग म्हटलं, कशाला येतील, सगळे तिकडे गेले असतील." आजींनी डोळे मिटले. "खमीर जिवंत असतं, पोरी. ते श्वास टाकतं. त्याला कोंडलंस की ते भिंत पाडणार."

तिच्या मागोमाग खिडकीतून आलेल्या नवऱ्याने अडसर काढला, शिंप्याने आपली हातगाडी आणली, आणि आजींना दवाखान्यात नेलं. हाड मोडलं नव्हतं, सांधा निखळला होता. डॉक्टर म्हणाले, रात्र अशीच गेली असती तर कठीण होतं. त्या दिवसापासून आजी यांच्याच ओसरीवर राहायला आल्या, पाय उशीवर ठेवून. आता सल्ल्यांना भिंत चढायची गरज उरली नाही.

उरलेली बरणी उघडणं हे एक कामच झालं. सासऱ्यांनी तिला गोधडीत गुंडाळलं, मांजराला औषध पाजताना धरतात तशी काखेत धरली, आणि नवऱ्याने तोंड फिरवून केसाकेसाने झाकण सोडवलं. आतून लांब सुस्कारा आला. पोर झोपेत टाकते तसा. तो आवाज तिला पाठ होता. रोज कितीदा तरी ती पोरीच्या नाकाशी बोट धरून तोच ऐकत आली होती, आणि सगळे तिला त्यावरून हसत आले होते.

"आजी, झाकण ढिलं ठेवलं तर माशी जाते. मग?"

"जायची. आणि आंबायची," आजी म्हणाल्या. "माझ्या वाइनचा दरवर्षी सिरका व्हायचा. काकडीवर घालून खायचो."

म्हणजे घट्टही नको आणि ढिलंही नको. ती दोन दिवस त्या बरणीभोवती घुटमळली. मग तिने कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणातून फुग्यांची पुडी काढली. नवऱ्याने पोरीसाठी आणलेली. गिळेल म्हणून तिने तिला कधी दाखवलीही नव्हती. एक फुगा तिने उकळून घेतला, त्याला सुईने बारीक भोक पाडलं आणि बरणीच्या तोंडावर चढवला. आतला श्वास बाहेर जाईल, बाहेरची माशी आत येणार नाही.

दुसऱ्या सकाळी फुगा उभा होता. शाळेत उत्तर येणाऱ्या पोरासारखा. सासरे त्याच्यासमोर बसून चहा प्यायले.

पण एका बरणीने काय होणार? पिवळ्या फुलांच्या एव्हाना म्हाताऱ्या होऊन उडून गेल्या होत्या. तिने बागेत जे फुललं असेल ते वेचायला सुरुवात केली: बांधावरच्या तीनपानी गवताची गुलाबी बोंडं, आणि पावआजींच्या अंगणात उतरलेले रानगुलाब. नवरा शिडी धरून उभा राही, या वेळी रस्त्याकडे तोंड करून. ओसरीवरून आजी सांगत, पाकळीचं पांढरं टोक काप, कडू असतं. आजींना कधी न सुचलेलं तिला सुचे. रात्री गारठा पडला की ती बरणीला पोरीचं जुनं दुपटं गुंडाळी. गाळायचं फडकं दोनदा उकळी. फुगा वाकडा झाला की मध्येच उठून जाई आणि काचेला कान लावी. आजी म्हणत, ही दोन लेकरांची आई झाली. या वेळी त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं.

उन्हाळा गेला. फुगे हळूहळू माना टाकू लागले. गढूळ पाणी खाली बसलं आणि वर जे राहिलं त्यातून पलीकडची खिडकी दिसू लागली. तिने ते रबरी नळीने गाळ न ढवळता बाटल्यांत उतरवलं, खोलीत गारव्याला ठेवलं, आणि पुन्हा वाट बघितली. नवऱ्याने एकदाही चाखूया म्हटलं नाही. भीतीच वाटत असावी.

टेबलाचा दिवस उजाडला तेव्हा भट्टीवाला आधीच मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता. मोजपट्टी मांडीवर. मालकीणबाई कृश, ताठ, हसल्या तर दात दुखतील अशा तोंडाच्या. त्यांनी नजरेने सफरचंदांच्या टोपल्या शोधल्या, टोपल्या नव्हत्या. सासऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली. तिने पोरीला नवऱ्याकडे दिलं आणि बाटली टेबलावर ठेवली.

"तण उकळून आणलंय," भट्टीवाला म्हणाला. "घरात तोफ उडवून."

मालकीणबाईंनी बूच काढलं आणि आधी वास घेतला. पेला उजेडाला धरला. तिने टेबलाची कड धरली. मालकीणबाईंनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. मग दुसरा.

"यात गुलाब आहे."

"हो."

"माझ्या बागेत गुलाब नाही. तो पलीकडच्या पाववालीच्या अंगणात आहे. इतकी वर्षं बघतेय मी."

भट्टीवाल्याने मोजपट्टीवरचा हात काढून पाय पसरले. नवऱ्याने तिच्याकडे बघितलं, आणि ते डोळे तिला दंवाच्या दिवसाचेच दिसले.

"फुलं त्यांच्या अंगणात आहेत," ती म्हणाली. आवाज फाटला, पण तिने तो पुन्हा गोळा केला. "खोड आपल्या मातीत आहे. कुंपणापासून हातभर आत. काटे माझ्या मनगटाला लागलेत, हे बघा. चला, मी दाखवते."

मालकीणबाईंनी तो पांढरा पडलेला व्रण बघितला. उठल्या नाहीत. पेला संपवला आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

तिला वाटलं, संपलं.

"भर ना," मालकीणबाई म्हणाल्या.

तिने भरला. थोडं टेबलावर सांडलं. मालकीणबाई ते बोटाने टिपून चाटत भट्टीवाल्याकडे वळल्या. "तुझ्या विटा कशा लागतात?"

तो हसला, कारण दुसरं काय करणार. मोजपट्टी गुंडाळायला त्याला फार वेळ लागला. त्या पूर्ण वेळात मालकीणबाई पीत होत्या, आणि जाताना त्याने सवयीने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा नवऱ्याने खांदा काढून घेतला. रागाने नाही. पोरीला त्या खांद्यावर घ्यायचं होतं म्हणून.

"पुढल्या वर्षी सफरचंदं आण," मालकीणबाई सासऱ्यांना म्हणाल्या. "आणि हेही आण. हे जास्त आण."

परतताना सासरे सगळ्यांच्या पुढे चालत होते. जन्मात कुणाची स्तुती न केलेला माणूस. बागेच्या दाराशी ते थांबले, वाळलेल्या तणाकडे बघितलं आणि मुलाला म्हणाले, "झाडांच्या बुंध्याशी खण हवं तर. मधल्या पट्ट्याला कुदळ लावायची नाही." मग सुनेकडे न बघता तिच्या हातातली रिकामी बाटली घेतली आणि स्वतः वाहून नेली, सगळ्या गल्लीला दिसेल अशी.

ओसरीवर पावआजी रुसून बसल्या होत्या. पहिला पेला आपल्याला न देता परक्या बाईला दिला म्हणून. दुसरी बाटली फोडली तेव्हा त्यांनी नाक वर करून घोट घेतला, खोकल्या, पुन्हा घेतला. म्हणाल्या, "काकडीवर घालायला काही उपयोगाची नाही." आणि पेला पुढे केला.

आता लोक कृती विचारायला येतात. तो शिंपी आला होता, भट्टीवाल्याचा गाडीवानही येऊन गेला. ती सगळं सांगते. ऐन दुपारी वेचा, हिरवं काढा, फडकं दोनदा उकळा, फुग्याला भोक पाडायला विसरू नका. पण एवढ्यावर ती कुणाला सोडत नाही. तुमच्या शेजारी कोण एकटं राहतं, असं विचारते. तुम्ही इथवर वाचलंत, तेव्हा तुम्हालाही तिचं तेच विचारणं आहे. रोज ज्याचा खोकला, किंवा नळ, किंवा रेडिओ ऐकू येतो, तो आज ऐकू आला का? नीट आठवत नसेल तर फुलं राहू द्या. आधी जाऊन त्यांच्या दारावर थाप मारून या.